चिमणीचे दात

४ सप्टेंबर

मावशी,

१. परवा, रविवारी सकाळी, मी तुमचा जुना अनाथाश्रम बघायला गेले. तिथे आता छोटं संग्रहालय आहे.

२. जेवणघर, निजायची खोली आणि दवाखाना लोकांना बघायला खुले आहेत. मागची इमारत बंद आहे.

३. दवाखान्यात एका काचेच्या कपाटात मुलींच्या दातांचे प्लास्टरचे साचे मांडले आहेत. तेव्हाच्या एका दंतवैद्याने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते तयार केले होते. प्रत्येक साच्यावर मुलीचं आश्रमातलं नाव कोरलेलं आहे.

४. तू आईची सख्खी बहीण नाहीस, आश्रमातली मैत्रीण. तिथे आईचं नाव मैना होतं आणि तुझं चिमणी.

५. ‘मैना’ कोरलेला साचा आईच्या तोंडाचा नाही. तो तुझ्या तोंडाचा आहे.

६. ‘चिमणी’ कोरलेला साचा आईच्या तोंडाचा आहे.

माझा रोजचा धंदाच दातांचे साचे बघण्याचा आहे, त्यामुळे अंदाजाने लिहिते आहे असं समजू नकोस. दातांच्या लॅबचं शिक्षण घेताना घरच्या माणसांच्या तोंडाची मापं घ्यावी लागायची. माझ्या घरी आई एकटीच, म्हणून तिचा साचा अजून माझ्या कपाटात आहे. तिचा वरचा डावा दात, समोरच्या दोन मोठ्यांच्या शेजारचा, जन्मतःच बारीक आणि निमुळता होता. तसाच माझाही आहे. मी त्यावर टोपी बसवून घेतली. तुझी वरची कवळी गेल्या वर्षी मीच बनवली, तेव्हा खालचंही माप घेतलं. तुला खाली समोर चाराऐवजी तीनच दात आले आहेत, मध्ये फट नाही, पडल्याची खूण नाही. दूधदात पडून आलेले हे दात माणसाला मरेपर्यंत तेच राहतात. नऊ वर्षांच्या मुलीच्या साच्यात ते दिसतात आणि साठीच्या बाईच्या तोंडातही दिसतात.

साच्यांखाली सध्या कागदी पट्ट्या आहेत. मुलींचं पुढे काय झालं ते त्यावर लिहिलं आहे. ‘मैना’खाली: सतराव्या वर्षापर्यंत आश्रमात, पुढे टेलिफोन ऑपरेटर, निधन. ‘चिमणी’खाली: नवव्या वर्षी थोरला भाऊ दिलेल्या शब्दाप्रमाणे आला आणि तिला घरी घेऊन गेला, पुढे शिवणकामाचं दुकान, बहीणभाऊ आजही एकत्र राहतात. संग्रहालय एक निवृत्त मास्तर सांभाळतात. ते म्हणाले की सगळ्या कपाटात एवढी एकच पट्टी आनंदाची आहे, आणि लोक तिच्यापुढे थांबून डोळे पुसतात.

मी त्या पट्टीपुढे उभी होते आणि वर माझ्या आईचे दात होते.

मास्तर आता कागद काढून पितळी पाट्या लावणार आहेत. त्याआधी घरच्यांनी मजकूर तपासून द्यावा असं त्यांचं म्हणणं आहे. मी नंतर कळवते म्हणाले. आई जाऊन दहा महिने झाले, तिला विचारता येत नाही. तू सांग, हे कसं झालं?

तुझी भाची


१३ सप्टेंबर

आमच्या दातवाल्या बाईसाहेबांस,

तुझं पत्र मिळालं. एक, दोन, तीन असे आकडे बघून मला आधी वाटलं वकिलाची नोटीस आली. दादा समोरच बसला होता. त्याला आता अक्षर दिसत नाही, आलेलं टपाल मीच वाचून दाखवते, हे तुला ठाऊक आहे. मी दोन ओळी वाचल्या आणि थबकले. मग तुला बढती मिळाली, तिकडे फार उकाडा आहे, असं काहीबाही तोंडाला आलं ते वाचलं. त्याने समाधानाने मान हलवली. तेव्हा आता बढतीचं तेवढं बघ. आणि या विषयावर फोन मुळीच करू नकोस. ऐकू येत नाही म्हणून तो फोनचा स्पीकर लावतो, आणि आपलं बोलणं जिन्यातल्या मांजरालाही कळतं.

अगं, यात काहीच नाही. तो दातांचा डॉक्टर आला होता ते मला लख्ख आठवतं. घसा भरून गुलाबी लगदा तोंडात कोंबायचा आणि नाकाने श्वास घे म्हणायचा. पहिल्या मुलीला ओकारी आली, तिला बघून सगळ्यांची गाळण उडाली. तुझी आई म्हणजे भित्री भागुबाई. पलंगाखाली जाऊन बसली ती बाहेर येईना. मग मी माझा नंबर लावला, रांगेत पुन्हा मागे जाऊन उभी राहिले आणि तिच्या नावावर आणखी एकदा बसले. डॉक्टरला काय, सगळ्या एकाच माळेचे मणी. सगळ्यांचे केस कापलेले, सगळ्यांचे झगे एकाच कापडाचे. बाईंनी आम्हाला पक्ष्यांची नावं दिली होती, तीही त्यांच्या त्यांनाच धड लक्षात राहायची नाहीत.

आम्ही दोघी अशाच होतो. एक गोळी मिळाली तर फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी फोडायची आणि अर्धी अर्धी खायची. तिची शिक्षा मी घ्यायची, माझी तिने घ्यायची. तेव्हा तिच्या नावावर माझे दात निघाले यात नवल ते काय?

मास्तरांना सांग, मजकूर बरोबर आहे. ते इथे येऊन गेले तेव्हा मीच तो सांगितला होता, दादाच्या देखत. माणूस गरीब आहे, उगाच त्याच्या डोक्याला ताप देऊ नकोस.

जेवत जा वेळेवर. गेल्या फोटोत तुझी हाडं मोजता येत होती.

तुझी मावशी


१७ सप्टेंबर

मावशी,

तू आईच्या नावावर दुसऱ्यांदा बसली असतीस तर दोन्ही साचे तुझ्याच तोंडाचे निघाले असते. दोन्हींत खाली तीन दात दिसले असते. तसं नाही. एक तुझा आहे आणि एक आईचा. म्हणजे आई पलंगाखाली नव्हती. तीही खुर्चीत बसली, तिनेही तो लगदा तोंडात घेतला, आणि तिच्या साच्यावर डॉक्टरने ‘चिमणी’ लिहिलं.

कपाटात साचे इकडचे तिकडे झाले का, तेही मी बघितलं. मास्तरांनी कपाट उघडून दिलं. नावं प्लास्टर ओलं असताना कोरलेली आहेत. रेघेच्या दोन्ही काठांना लगदा वर आलेला आहे. सुकलेल्या प्लास्टरवर ओरखडलं तर भुगा निघतो, असा काठ येत नाही. त्या दिवशी ज्या मुलीला जे नाव होतं तेच साच्यावर आहे. मग बदल त्यानंतर झाला. साच्यांवर महिना आणि साल आहे. मामा तुला न्यायला आले ते त्याच साली.

मी तुझ्यावर आरोप करत नाही. मला एवढंच दिसतं आहे की चिमणीचा भाऊ आला, आणि चिमणी माझी आई होती.

आणखी एक विचारायचं आहे. आई गेली तेव्हा तू आलीस, मामा आले नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात असं तू सांगितलंस. त्याच आठवड्यात ते कारखान्यातल्या जुन्या सोबत्याच्या नातीच्या लग्नाला गेले होते. शेवटच्या दोन दिवसांत आई दार उघडलं की मान वळवून बघायची. मला वाटलं, औषधामुळे. तिने नाव कुणाचंच घेतलं नाही.

कपाटात ‘टिटवी’ आणि ‘साळुंकी’ अशीही दोन नावं आहेत. त्यांच्याखाली ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलं आहे. तुला काही माहीत आहे का?

या पत्राऐवजी मामांना काय वाचून दाखवायचं ते तू ठरव. बढती मिळालेली नाही.

तुझी भाची


९ ऑक्टोबर

बाळ,

उत्तराला उशीर झाला. दादाच्या छातीत पाणी झालं होतं, पंधरवडा इस्पितळात काढला. आता घरी आणला आहे. खोकला आहे, पण धोका टळला असं म्हणतात. हे सगळं तुझ्यापासून लपवलं, कारण तू धावत आली असतीस आणि त्याच्या उशाशी बसून तुझ्या त्या शांत आवाजात काहीतरी विचारलं असतंस.

तू तुझ्या आईवर गेलीस. तीही अशीच, आरडाओरडा नाही, नुसतं समोर ठेवायचं आणि बघत बसायचं. तेव्हा ऐक. एकदाच लिहीन.

डॉक्टर येऊन गेला आणि थोड्याच दिवसांत आश्रमात घटसर्प आला. आधी टिटवी गेली, मग साळुंकी. दोघींना मागच्या इमारतीत नेलं होतं, तिथूनच परस्पर नेलं. आम्हाला सांगितलं, त्यांना चांगल्या घरी दिलं. आम्ही लहान होतो, पण खुळ्या नव्हतो. बाईंनी आरोग्य खात्याला कळवलं नाही. कळवलं असतं तर आश्रमाला टाळं लागलं असतं. मग चिमणी तापली. तुझी आई. तिलाही मागे नेलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात दादा दारात उभा. सतरा-अठराचा पोर, कारखान्यात लेथवर नवीनच लागलेला, एक दिवसाची रजा काढून आलेला. बहिणीला दोन वर्षांची असताना सोडून गेला होता, त्यानंतर बघितली नव्हती. बाईंनी त्याला बसवून ठेवलं. आजारी आहे म्हणावं तर तो बघायला मागणार, आणि बघितलं तर सगळं बाहेर येणार. बाई निजायच्या खोलीत आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, आजपासून तू चिमणी. कुणाच्या तरी पायातले बूट काढून माझ्या पायात घातले. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं, हे तुला खरं सांगते. मला न्यायला आजवर कुणी आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं.

बस थांब्यावर दादा बुटाची नाडी बांधायला खाली बसला. बूट मोठे होते, नाडी सारखी सुटायची. त्याने माझा मोजा खाली केला. डावा बघितला, मग उजवा बघितला, मग पुन्हा डावा. त्याच्या बहिणीच्या पोटरीवर भाजल्याचा मोठा डाग होता. तुला तो माहीत असेलच. बस आली, गेली. तो कडेच्या दगडावर बसून राहिला. मग त्याने विचारलं, ‘खरी कुठे आहे?’

मी म्हटलं, ‘मागच्या इमारतीत.’

‘जिवंत आहे?’

मी म्हटलं, ‘नाही.’

तू लगेच विचारशील की तुला माहीत होतं का. नव्हतं. तिथे गेलेली कुणी परत आलेली मी बघितली नव्हती. पण ती गेली असंही मला कुणी सांगितलेलं नव्हतं. यातलं काय धरायचं ते तू धर. मी नऊ वर्षांची होते आणि परत त्या दारातून आत जायचं नव्हतं. पुढची बस आली तेव्हा त्याने मला उचलून चढवलं. त्या दिवसापासून त्याने मला बहीण म्हटलं, शिकवलं, माझं लग्न करून दिलं, नवरा गेल्यावर परत घरी आणलं. स्वतः लग्न केलं नाही. या घरात त्याने मला एकदाही परकं वाटू दिलं नाही, आणि मी काही चोरी केली असं मला आजही वाटत नाही.

ती जगली, हे आम्हाला आठ वर्षांनी कळलं. सतराव्या वर्षी आश्रमातून सुटली आणि पत्ता काढत आली. मैना म्हणून आली. नाव बाईंनी बदलून टाकलं होतं, कागदावर दोन चिमण्या कशा चालतील? दादा चहा पीत होता. ती पाटावर पाय मुडपून बसली, परकर जरा वर गेला, आणि त्याने ती पोटरी बघितली. पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेला, तो अंधार पडल्यावर परतला. त्याबद्दल मला एक शब्द बोलला नाही. आजतागायत नाही. तिनेही नाही, माझ्याशीसुद्धा नाही. पुढे ती येणार असली की तो जास्तीची पाळी मागून घ्यायचा. तुला लहानपणी वाटायचं, मामा रागीट आहे. तो रागीट नाही गं. त्याला तिच्यासमोर बसवत नव्हतं.

मास्तर आले तेव्हा मी नेहमीचं तेच सांगितलं. दादा ऐकत होता. मध्ये एकदाच बोलला. मी म्हटलं, मी आठ वर्षांची होते, तर म्हणाला, नऊ.

आता झालं तुझ्या मनासारखं? त्याचं वय बघ, त्याची छाती बघ. त्याला काही विचारू नकोस. पाटीवर काय आहे याने तुझ्या आईला काय फरक पडतो? मला पडतो. मी मेल्यावर माझं दुसरं काहीही राहणार नाही. तेवढी एक ओळ आहे, ती राहू दे.

मावशी


१४ ऑक्टोबर

मामा,

हे पत्र तुम्हाला लिहिलं आहे. मावशी ते वाचून दाखवते आहे. मावशी, यातला एकही शब्द गाळू नकोस आणि माझ्या बढतीचं काही घालू नकोस.

मामा, मी संग्रहालयात आईच्या दातांचा साचा बघितला. त्यावर ‘चिमणी’ लिहिलं आहे. मावशीने मला बाकीचं सांगितलं, ते मी खोदून विचारलं म्हणून. तिच्यावर रागावू नका. बस थांब्यावर तुम्ही काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं तेही तिने लिहिलं. त्या उत्तरासाठी मी तिला दोष देत नाही. तुम्हालाही त्या दिवसाबद्दल दोष देत नाही. तुम्ही विचारलं होतं, आणि तुम्हाला उत्तर मिळालं होतं.

मी त्यानंतरच्या वर्षांबद्दल लिहिते आहे.

आई तुमच्याकडे यायला निघाली की गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे घालायची. उन्हाळ्यातही. मी विचारलं की म्हणायची, मामांकडे फरशी गार असते. बसमध्ये तिच्या पायांना घाम यायचा आणि ती ते काढायची नाही. तुमच्या घरी फरशी गार नसायची, हे मला लहानपणीच कळलं होतं. कारण मला मावशीच्या पत्रामुळे आता कळलं. तुम्हाला तो डाग पुन्हा दिसू नये एवढ्यासाठी तिने ते केलं. म्हणजे तुम्ही बघितलं आहे हे तिला माहीत होतं. तिने तुमची अडचण सांभाळली. तुम्ही त्या दिवशी जास्तीची पाळी घेतलेली असायची.

काल मी परत संग्रहालयात गेले. मास्तरांना सांगितलं की साच्यांवरची नावं बरोबर आहेत, पण खालचे दोन मजकूर एकमेकांच्या जागी लागले आहेत. कारण सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले की पाटी बदलायची तर त्या मुलीच्या जवळच्या नातेवाइकाचा शब्द लागतो. मी म्हटलं, मी मुलगी आहे. ते म्हणाले, कागदोपत्री तुम्ही मैनेची मुलगी. ते बरोबरच बोलले. कागदोपत्री चिमणी असलेली मावशी तर जुना मजकूरच राहू दे म्हणते. तिच्याशिवाय चिमणीचं कागदोपत्री एकच माणूस आहे, तिचा भाऊ. माझ्या शब्दाने ती पाटी बदलत नाही, तुमच्याच शब्दाने बदलते.

टिटवी आणि साळुंकीबद्दलही मी विचारलं. ‘माहिती उपलब्ध नाही’ याऐवजी काही लिहिता येईल का, असं. मास्तर म्हणाले, त्यांना बघितलेलं कुणी हयात असेल तर. ते मावशीने ठरवायचं आहे. मी तिच्याकडे पुन्हा ती गोष्ट काढणार नाही.

मावशी म्हणते, ती ओळ तिची आहे. तिला तुमच्या घरी आणलं, वाढवलं, हे खरं आहे, आणि ते तिच्या स्वतःच्या साच्याखाली लिहिता येईल. भावाने आणलं असंच लिहा, मला त्याचं काही नाही. मला तिचं काहीही काढून घ्यायचं नाही. पण माझ्या आईच्या तोंडाखाली ‘भाऊ शब्दाप्रमाणे आला’ असं पितळेत राहिलं, तर ते वाचून अनोळखी माणसं डोळे पुसतील आणि मी मात्र तिथे पुन्हा जाऊ शकणार नाही. मला तेवढीच एक जागा आहे जिथे तिचं खरं नाव लिहिलेलं आहे.

शेवटच्या दिवसांत ती दाराकडे बघायची, हे मी मावशीला लिहिलं होतं. तुम्हाला वाचून दाखवलं गेलं नसेल, म्हणून पुन्हा लिहिते. ती तुमची वाट बघत होती असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. तिने तसं सांगितलं नाही.

मला भेटायला या असं मी म्हणत नाही. तुमची प्रकृती मला कळली आहे. मीही तिकडे येऊन काही विचारणार नाही. मला फक्त हे हवं आहे: चिमणीच्या साच्याखाली काय लिहायचं ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा, मावशीने ते जसंच्या तसं उतरवून घ्यावं, आणि खाली तुम्ही अंगठा किंवा सही करावी. जुनाच मजकूर राहू दे असं तुमचं म्हणणं असेल तर तेच लिहा. मी ते मास्तरांना नेऊन देईन. पण ते तुम्ही म्हणायला हवं. गप्प राहिलात तर मी ते उत्तर धरणार नाही.

पाट्या सोमवारी, २९ ऑक्टोबरला, कोरायला जाणार आहेत. तुमचं उत्तर शुक्रवार, २६ ऑक्टोबरपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठवा.

तुमच्या बहिणीची मुलगी